व्याह्यांचा कुतुबनुमा

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. मला त्रेसष्टावं चालू होतं, दात सगळे जागेवर होते, आणि लातुरात माझ्याइतकं पितळ ओळखणारा दुसरा माणूस नव्हता. हे मी एकटाच म्हणायचो असं नाही. माझी बायकोही म्हणायची, तिचा सूर तेवढा वेगळा असायचा.

शिक्षण विचाराल तर निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत, त्यातली तिसरी दोनदा. उर्दू हरफ जुळवून वाचतो. मराठी हे असं लिहितो. इंग्रजी अक्षरांशी माझं नातं लांबच्या सोयऱ्यासारखं: चेहरा ओळखतो, घरी बोलावत नाही. पण भांड्यांचं दुकान आज्यापासूनचं, आणि पितळ वाचायला कुठल्याच शाळेत जावं लागत नाही, असं माझं तेव्हा मत होतं. आजही बरंचसं तेच आहे.

त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघून राहिले होते. रेणापूरची, शिरूर अनंतपाळची, पार उमरीकडची पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन उतरायची. घरमालक पुढची खोली भाड्यानं द्यायचे आणि स्वतः चुलीपाशी पाय आखडून झोपायचे. खानावळवाले माझ्याकडून स्टीलची ताटं नेत. स्टील विकताना मी तोंड दुसरीकडं करून पैसे घ्यायचो.

माझे जावईबापू अशाच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचे. आता दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांचा स्वतःचा क्लास उघडायचा होता. लेकीच्या लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं. नवराबायको लातुरातच भाड्याच्या घरात राहायचे. व्याही नांदेडचे, निवृत्त हेडमास्तर. जात आमचीच, कासाराची, पण दोन पिढ्यांपासून हातोडा सोडून खडू धरलेला. माणूस सज्जन. एकच खोड होती, त्यांच्या आजोबांचा कुतुबनुमा.

हे आजोबा निजामाच्या पैमाईश खात्यात अमीन होते, म्हणजे रानं मोजायचे. दिशा बघायला त्यांच्याकडं पितळी होकायंत्र होतं. जुनी माणसं त्याला कुतुबनुमा म्हणत. तबकडीवर काटा, आणि समोरासमोर दोन उभ्या पट्ट्या, एकीत बारीक चीर आणि दुसरीत केस ताणलेला. त्यातून डोळा लावून लांबचं झाड धरायचं. सोयरिकीच्या पहिल्या बैठकीत हुंड्याचा विषय व्याह्यांनी काढलाच नाही, ही त्यांची थोरवी. पण कुतुबनुमाचा विषय त्यांनी पोह्याआधी काढला, पोह्यासोबत काढला आणि निघताना चपला घालताना पुन्हा काढला. ‘शंभर वर्षांचा रंग चढलाय त्याला,’ असं म्हणायचे. मी मान डोलवायचो. मुलीच्या बापाची मान त्याच कामासाठी असते.

तर घराच्याच पुढच्या भागात क्लास काढायचा, त्याच्या दर्शनी खोलीत काचेचं कपाट करायचं आणि त्यात जुनी शास्त्राची उपकरणं मांडायची, म्हणजे पालकांवर छाप पडते, असं जावयांच्या डोक्यात आलं. त्यांनी नांदेडहून आजोबांचा कुतुबनुमा आणला. जोडीला हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून एक दुर्बीण विकत घेतली आणि तसाच दिसणारा दुसरा कुतुबनुमा जाकडावर आणला. जाकड म्हणजे पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. व्यापाऱ्याचा माणूस खंडेनवमीला लातुरात येणार होता, तेव्हा काय ते सांगायचं ठरलं.

इथं मला माझी विद्या थोडी सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, ह्या म्हाताऱ्याला अस्सल-नकलीतलं काय कळतं.

किल्लारीकडचा भूकंप झाला त्यानंतर कितीतरी महिने माझ्या दुकानात लोक ढिगाऱ्यातली भांडी घेऊन येत. चपट्या झालेल्या घागरी, कडा आत गेलेल्या पराती. मोडीत घाला म्हणणारे थोडे. एका बाईनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, ‘वितळवू नगा. पाणी ऱ्हाईल एवढाच सरळ करा.’ मी सरळ केला. तसे पुष्कळ केले. घागर कमरेवर जिथं टेकते तिथं ती कशी झिजते, तांब्याच्या गळ्याला अंगठ्याची जागा कशी पडते, हे मला तेव्हा हाताला कळालं.

मग पुढच्या वर्षी शहरातले हौशी लोक ‘जुनं पितळ’ शोधत आले. त्यांना दिवाणखान्यात ठेवायला हवं होतं. खरं जुनं संपलं, गिऱ्हाईक संपेना. तेव्हा काही हुशार लोकांनी नवी भांडी मीठ लावून उकिरड्यात पुरायला सुरुवात केली. पावसाळाभर पुरली की घागर आजीच्या वयाची होऊन निघायची. मला दाखवायला आणायचे. मी नुसत्या वासावरून सांगायचो, कोणत्या बाजूचा उकिरडा. ह्यात थोडी बढाई आहे, पण थोडीच.

खरं पितळ सगळीकडून सारखं म्हातारं होत नाही, माणसासारखंच. हात लागतो तिथं झिजतं आणि हात पोचत नाही त्या सांदीत हिरवं धरतं. नकलीचं उलटं. बुटाच्या पॉलिशचा ब्रश पोचला तिथं काळं आणि सांदीत काल जन्मलेलं.

खंडेनवमीला दुपारून मी झेंडूची फुलं घेऊन लेकीकडं गेलो. व्याही-विहीण नांदेडहून आलेले होते. दारातच लेकीनं मला हाताला धरून मागच्या मोरीपाशी नेलं.

‘आप्पा, हळू बोला.’

‘मी अजून बोललोच नाही.’

‘बोलणारच आहात ना.’

तिचा चेहरा उतरलेला. हळूहळू सगळं बाहेर आलं. खंडेनवमी म्हणजे घरातल्या हत्यारांची पूजा. नवऱ्याची हत्यारं म्हणून तिनं पाटावर कंपासपेटी मांडली, फूटपट्टी मांडली आणि आजेसासऱ्यांचा कुतुबनुमा मांडला.

‘इतका काळा होता, आप्पा. घरात कासाराची लेक अन् देवापुढं काळं पितळ?’

‘कशानं घासलास?’

‘चिंच अन् मीठ. वरून राख.’

‘कसा निघाला?’

‘तोंड दिसून राहिलं त्यात.’

‘शाब्बास.’

‘शाब्बास काय, आप्पा. ऐका तरी.’

‘अन् तो हैदराबादचा? तो नाही घासला?’

‘तो जाकडाचा. परक्याच्या वस्तूची पूजा कशाला करू?’

बरोबरच होतं तिचं. पण झालं असं, की खरा कुतुबनुमा नव्यासारखा चकचकीत झाला आणि नकली होता तो जुन्यासारखा काळा राहिला. आणि तेवढ्यात सासरे आले. त्यांनी चपला काढल्या, थेट काळा उचलला आणि कपाळाला लावला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मुलाला म्हणाले, हा मधोमध ठेव, आजोबांच्या नावाची पाटी लाव. हा दुसरा चमकणारा बाजारू वाटतो, देऊन टाक परत.

‘अन् हैदराबादवाला बाहेर बसलाय,’ लेक म्हणाली. ‘चहा पिऊन बसस्टँडवर चाललाय. खरा त्याच्याकडं गेला, आप्पा.’

‘मग सांगतो जाऊन.’

‘नाही सांगायचं. त्यांनी कपाळाला लावलाय तो. भरल्या घरात मुलीच्या बापानं त्यांना खोटं पाडलं तर मी ह्या घरात कोणत्या तोंडानं राहू? अन् आजोबांची वस्तू मी घासली हे तर मुळीच नाही. ते मला जन्मभर ऐकवतील.’

‘मग करू काय?’

‘ते तुम्ही बघा. पितळ तुम्हाला कळतं ना?’

मी क्षणभर म्हटलं, व्यापाऱ्याकडून आपणच विकत घ्यावा. पण उद्या व्याह्यांच्या आजोबांची वस्तू माझ्या दुकानात सापडली, तर लोक काय म्हणतील? कासारानं लेक दिली आणि कुतुबनुमा काढून घेतला.

बाहेर गेलो. व्याही खुर्चीवर, मांडीवर काळा. हैदराबादचा माणूस सतरंजीवर, पुढं पिशवी. पिशवीत दोन दुर्बिणी आणि वाळूची घड्याळं नुसती कोंबलेली. पण आमचा चकचकीत तो वर्तमानपत्रात गुंडाळत होता. एक पदर झाला होता, दुसरा चालू होता. त्याला ठाऊक होतं का नव्हतं, देव जाणे. मी मात्र तो दुसरा पदर बघून ठेवला.

‘या पाहुणे,’ व्याही म्हणाले. ‘हे बघा. सांगत होतो ना, शंभर वर्षांचा रंग.’

मी हातात घेतला, नाकाशी नेला.

‘वास मोठा बुटाचा येतोय.’

‘आजोबा रानोमाळ पायी फिरायचे. बूट आलेच.’

‘खालून स्क्रू पण झकास आहेत. हे असे चौफुलीचे, स्टार स्क्रू. माझ्या बापाच्या दुकानात असा स्क्रू कधी पाहिला नाही. निजाम सरकार लईच पुढं होतं म्हणायचं.’

‘मागाहून बदलले असतील.’

‘सगळेच?’

‘सरकारी खातं, पाहुणे. एक बदलला की सगळे बदलतात.’

‘अन् साल काय ठळक कोरलंय. रस्त्यावरून वाचता येईल. करणाऱ्याला आधीच ठाऊक होतं वाटतं, ही वस्तू पुढं जुनी होणार आहे.’

‘विलायती कारागीर,’ व्याही म्हणाले. ‘लांबचा विचार करतात.’

‘पण ह्या सालात तुमचे आजोबा जन्मले होते का?’

‘नव्हते. वस्तू आधी जन्मते, मग माणूस.’

मी आयुष्यभर स्वतःला हट्टी समजत आलो. त्या दिवशी कळालं, की हेडमास्तर झाल्याशिवाय त्यात पदवी मिळत नाही.

तेवढ्यात मांडववाल्याशी भांडून जावई आत आले. मी म्हटलं, ‘जावईबापू, तुम्हाला दोघांतला कोणता जुना वाटतो?’

‘दोन्ही छान आहेत, आप्पा,’ म्हणाले आणि बॅनर बघायला गेले. दोष त्यांचा नाही. चार पर्याय दिले असते तर अचूक खूण केली असती. दोनच होते, म्हणून गोंधळले.

हैदराबादवाल्यानं सुतळी काढली. दाराच्या फटीत लेकीचा अर्धा चेहरा दिसत होता.

‘भाई, जरा खोला ते,’ मी म्हटलं. ‘जोडी लावून बघू एकदा.’

‘चाचा, बस निकल जाएगी.’

‘लातूरची बस माणसं बघून निघते. खोला.’

त्यानं नाइलाजानं खोललं. मी दोन्ही कुतुबनुमे स्टुलावर शेजारी शेजारी ठेवले. आता माझी वेळ होती. चकचकीत असला तरी अंगावर सगळं लिहिलेलं होतं: आडव्या खाचेचे जुने स्क्रू, खाचा थोड्या कुरतडलेल्या, कडेच्या रेघा केसासारख्या बारीक, आणि बगलेला एक अंगठा वर्षानुवर्षं टेकून पडलेली झीज. मी ती झीज दाखवायला बोट पुढं केलं आणि माझी नजर तबकडीवरच्या अक्षरांवर गेली.

वर उत्तरेचं अक्षर. त्याच्या उजव्या हाताला पूर्वेचं हवं. तिथं पश्चिमेचं होतं. पूर्वेचं डावीकडं.

मी पुन्हा बघितलं. तेच. काळ्यावर बघितलं, तिथं पूर्व उजवीकडं, नकाशात असते तशी. एवढी साधी दिशा ज्याला कळली नाही, त्याची वस्तू विलायती कशी? म्हणजे माझी झीज, माझे स्क्रू, माझं नाक सगळं पालथं. गप्प बसायला पाहिजे होतं. पण तोंडात आलेलं आत ढकलायची सवय मला लहानपणापासून नाही.

‘ह्यात तर पूर्व-पश्चिमच उलटी आहे,’ मी म्हणालो. ‘करणारा माझ्याच वर्गात होता वाटतं.’

व्याही मोठ्यानं हसले. मग त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं. चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा घातला, आणि चकचकीत उचलून खिडकीपाशी गेले.

‘पाहुणे, इकडं या. हा छातीपाशी धरा. काटा कुठं आहे?’

‘उत्तरेच्या अक्षरावर.’

‘आता उजवीकडं वळा, उगवतीकडं. डबी तुमच्याबरोबर वळली. काटा वळला का?’

‘काटा कशाला वळेल? तो उत्तरेलाच.’

‘म्हणजे तो आता तुमच्या कोणत्या हाताला आला?’

‘डाव्या.’

‘मग काट्याखाली पूर्व वाचायची असेल तर पूर्वेचं अक्षर कुठं पाहिजे?’

मी डबीकडं बघितलं, मग माझ्या डाव्या हाताकडं.

‘डावीकडं,’ व्याही स्वतःच म्हणाले. ‘मोजणीच्या कुतुबनुम्यावर मुद्दाम उलटं लिहितात. लहानपणी मी आजोबांना हीच चूक काढून दाखवली होती. त्यांनी मला असंच अंगणात फिरवलं. बाजारात नक्कल करणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याला ते चुकीचं दिसतं आणि तो बिचारा सुधारतो.’

मग त्यांनी स्टुलावरच्या काळ्याकडं बघितलं, जो त्यांनी मघाशी कपाळाला लावला होता. हैदराबादवाला कपात बघत होता.

‘हा घासला कुणी?’

मी ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं होतं, तोवर दारातून आवाज आला.

‘मी, मामंजी.’

व्याही खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. ‘शंभर वर्षांचा रंग होता, सूनबाई,’ एवढंच म्हणाले, आणि माझ्या लेकीची मान आणखी खाली गेली. माझी मात्र वर आली. मी काहीतरी बोलणार होतो, आणि ते नक्की वाईटच असतं. पण स्वयंपाकघरातून विहीणबाई हात पुसत बाहेर आल्या.

‘कसले शंभर वर्ष?’ त्या म्हणाल्या. ‘लग्न होऊन आल्यापासून दर खंडेनवमीला मी घासत होते त्याला. त्याआधी तुमची आई घासायची. माझे गुडघे धरले तेव्हापासून ऱ्हायलं.’

‘तू घासायचीस? मला कसं ठाऊक नाही?’

‘तुम्ही त्या दिवशी घरात कुठं असायचात? शाळेत दसऱ्याच्या भाषणाची तालीम. तो रंग काही आजोबांचा न्हाई. माझ्या गुडघ्यांचा हाय.’

मग त्यांनी कुतुबनुमा हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि लेकीला म्हणाल्या, ‘ही पट्टीखालची सांद मला कधी निघाली न्हाई. कशानं काढलीस?’

‘वातीच्या काडीला चिंच लावून.’

‘हां. मला सुचलंच न्हाई ते.’

व्याही दोघींकडं आळीपाळीनं बघत होते. शेवटी म्हणाले, ‘पूजा झाली का त्याची?’

‘झाली, मामंजी.’

‘मग प्रसाद कुठंय?’

लेक आत गेली ती जवळजवळ पळतच. हैदराबादवाल्यानं काळा कुतुबनुमा उचलला आणि पिशवीत कोंबला. त्याला कागदाचा एक पदरही मिळाला नाही. चहा अर्धा सोडून तो निघाला.

प्रसाद खाता खाता व्याह्यांनी मला गाठलंच. ‘पाहुणे, बुटाचा वास आला तेव्हाच सरळ का बोलला नाहीत?’

‘मुलीच्या बापाला नाक नसतं.’

‘अन् ते पूर्व-पश्चिमेचं?’

‘ते मुद्दाम बोललो. तुम्हाला आजोबांची आठवण यावी म्हणून.’

विहीणबाईंनी ‘हाव, हाव’ म्हटलं. लेकीनं पदर तोंडाला लावला. कुणाचाही विश्वास बसला नाही, आणि मी पुढं कुणाला तो बसवायचा प्रयत्न केला नाही.

पण घरी गेल्यावर मला ते पटेना. अंगणात फिरवून माणसाला काहीही पटवता येतं. हेडमास्तर लोकांचा तो धंदाच असतो. खिडकीपाशी मला उगवतीकडं वळवलं म्हणतात, पण त्या खोलीत उगवत कुठं होती हे मी कुठं बघितलं होतं? उलटी अक्षरं ती उलटीच.

दुसऱ्या दिवशी दसरा. क्लासचा मुहूर्त सकाळचा होता. मी त्याच्या पुष्कळ आधी, उजाडताना, अंघोळ करून लेकीच्या दारात उभा राहिलो. तिनं काही विचारलं नाही. आत जाऊन हळदीकुंकू लागलेला कुतुबनुमा आणून माझ्या हातात दिला. मी गच्चीवर चढलो. पाण्याच्या टाकीमागून सूर्य नुकताच वर निघत होता. मी पट्टीच्या चिरेला डोळा लावला, पुढच्या पट्टीतला केस सूर्याच्या कडेवर आणला आणि काटा थांबेस्तोवर श्वास धरून उभा राहिलो. काटा हलला, डुलला आणि पूर्वेच्या अक्षरावर येऊन बसला. मग मी वळून मावळतीकडं धरला. तिकडंही जिथं बसायला पाहिजे तिथंच बसला. मी आणखी एकदा सूर्याकडं धरला.

मागं जिन्यात व्याही उभे होते, अंगात बनियन, हातात दात घासायची काडी.

‘पटलं का, पाहुणे?’

‘सूर्य बरोबर उगवलाय,’ मी म्हणालो, आणि कुतुबनुमा काचेच्या कपाटात ठेवायला खाली उतरलो.